गोलातलं कुंकू

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण विश्वाचं वय बदलणारी चूक एकच. ती मी २०४० सालच्या खंडेनवमीला, सकाळी साडेदहाच्या सुमारास, न्हाऊनमाखून, नवी साडी नेसून, अगदी पूर्ण शुद्धीत केली.

मी शलाका बोरवणकर. मी स्वतःला खगोलशास्त्रज्ञ म्हणवून घेत नाही. दुकानातली वजनं बरोबर आहेत की नाहीत हे तपासून शिक्का मारणारा इन्स्पेक्टर असतो ना, तसलं माझं काम. माझं दुकान म्हणजे परभणीच्या पुढं, माळधामणीच्या माळावर बांधलेली गुरुत्वलहरींची वेधशाळा. काटकोनात दोन लांबलचक बोगदे आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे. अब्जावधी वर्षांपूर्वी दूर कुठंतरी दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, अवकाशालाच हिसका बसतो, तो पसरत पसरत आमच्या माळापर्यंत येतो आणि आरसे हलतात. हलतात म्हणजे अणूच्या गाभ्याच्याही हजाराव्या हिश्श्याइतके. आरसा खरोखर तेवढाच हलला, कमी नाही की जास्त नाही, हे छातीठोकपणे सांगायची जबाबदारी माझी.

ते सांगायची युक्ती सोपी आहे. प्रकाशालाही अगदी बारीकसा धक्का असतो. मी आरशावर लेसर सोडून त्याला मुद्दाम ढकलते. प्रकाश किती होता हे ठाऊक असलं की आरसा किती हलला असणार हे गणितानं कळतं, आणि बाकीची सगळी मापं त्यावर बेततात. आता प्रकाश किती होता हे कशानं मोजायचं? नारळाएवढ्या एका पोकळ गोलानं. बाहेरून सोनेरी, आतून दुधासारखा पांढरा. एका भोकातून आत शिरलेला प्रकाश भिंतींवर पन्नासदा आपटून सगळीकडं सारखा पसरतो, मग आतला डोळा तो मोजतो. जगातल्या बाकीच्या वेधशाळाही आपली मापं याच गोलाशी ताडून घेत. असे दोन जुळे गोल माझ्या सरांनी, म्हणजे डॉ. वामन खांडेपारकरांनी, पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः उभं राहून बनवून घेतले होते. एक माळधामणीला होता, दुसरा पुण्यात सरांच्या घरच्या कपाटात.

खंडेनवमीची पद्धतही सरांचीच. देवाधर्माचं त्यांना वावडं होतं, पण हत्यारांची पूजा ते चुकवत नसत. "मी देव मानत नाही, उपकार मानतो," असं म्हणत. प्रयोगशाळेतल्या प्रत्येकानं आपापल्या उपकरणाला झेंडूचं फूल वाहायचं आणि त्या उपकरणाला काय जमत नाही ते सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं. 'हा तापमापक उन्हाळ्यात अर्धा अंश खोटं बोलतो.' 'या घड्याळाला वीज गेलेली कळत नाही.' हसत हसत व्हायचं सगळं, पण त्यामुळं आमच्या उपकरणांचे दोष आम्हाला तोंडपाठ असायचे. मी माळधामणीला आले तेव्हा ही पद्धत सोबत आणली. हळदकुंकू मात्र सरांचं नव्हे, ते माझं. माहेरची सवय.

त्या दिवशी मी गोलाला फूल वाहिलं, कुंकू लावलं, आणि त्याचं झाकण उघडं आहे हे मला दिसलंच नाही.

*

हा गोल कशासाठी एवढा महत्त्वाचा, ते सांगायला हवं.

विश्व प्रसरण पावतंय हे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. भांडण आहे ते वेगाचं, आणि विश्वाचं वयही त्या वेगावरूनच निघतं. साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेली दीर्घिका आपल्यापासून सेकंदाला किती किलोमीटर लांब चाललीय? एक पक्ष म्हणायचा त्र्याहत्तर, दुसरा म्हणायचा सदुसष्ट. हा फरक तुम्हाला किरकोळ वाटेल. पण दोन्ही पक्षांची मापं इतकी काटेकोर होती की दोघंही बरोबर असणं शक्यच नव्हतं. एक तर कुणाचं तरी माप चुकत होतं, नाहीतर विश्वाबद्दलचं आपलं गणितच कुठंतरी लंगडं होतं.

त्र्याहत्तरवाले सर. जवळच्या ताऱ्यांची अंतरं मोजायची, त्यांच्या आधारानं पुढच्यांची, त्यांच्या आधारानं स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांची, अशी पायरी-पायरीची शिडी त्यांनी हयातभर बांधली. सदुसष्टवाले डॉ. उस्मान मुजावर. विश्व नुकतंच जन्मलं होतं तेव्हाचा मंद प्रकाश अजून आकाशात भरून आहे, त्यावरच्या बारीक डागांवरून ते आजचा वेग काढत. दोघं वसतिगृहात एका खोलीत राहिलेले, एकमेकांच्या लग्नात पंगती वाढलेले. आणि मग एका परिषदेत, शंभरेक विद्यार्थ्यांसमोर, उस्मानसर म्हणाले, "वामनच्या शिडीच्या एका पायरीला वाळवी लागलीय." सर ताडकन उठले आणि म्हणाले, "उस्माननं बाळाचं जन्मवेळचं वजन पाहिलंय आणि त्यावरून तो म्हाताऱ्याची उंची सांगतोय." लोक हसले. ते दोघं मात्र त्यानंतर अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पुण्यात त्यांच्या घरांमधलं अंतर साडेसात किलोमीटर.

आमची गुरुत्वलहरींची पद्धत या दोघांच्याही उपकाराखाली नव्हती. ताऱ्यांच्या टकरीच्या लहरीचा सूर कसा चढत जातो यावरूनच मूळ लहर किती जोरकस होती ते कळतं. घंटा केवढी आहे हे ठाऊक असेल तर ती किती बारीक ऐकू येते यावरून देऊळ किती लांब आहे ते सांगता येतं, तसंच हे. शिडी नको की बाळाचं वजन नको. अंतर थेट मिळतं. ज्या दीर्घिकेत टक्कर झाली तिचा वेग दुर्बिणीतून मिळतो. अशा दोनशेच्या वर टकरी एका वर्षात हाती लागणार होत्या. निकाल लागणार होता.

पण माणूस मोठा लबाड प्राणी आहे. हवा तो आकडा दिसू लागला की तो तपासणी थांबवतो. म्हणून आमच्याकडं उत्तर झाकून ठेवतात. संगणक खऱ्या उत्तराला एका गुप्त संख्येनं गुणून पडद्यावर दाखवतो, काम करणाऱ्यांना खरा आकडा शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या समितीनं यात एक खोडी काढली. गुप्त संख्या दोन ठेवल्या. एक सरांनी निवडायची, एक उस्मानसरांनी, दोघांनी परस्पर संगणकात घालायची आणि आपापल्या पाकिटात बंद करायची. पाकिटं उघडायची दोघांनी एकत्र बसूनच. न बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना एका खोलीत आणायचा दुसरा मार्ग कुणाला सुचत नव्हता. पाकिटं फुटल्यावर आकड्यात कुणीही काडीचाही बदल करायचा नाही, असा नियम.

पडदा वर्षभर सदुसष्टच्या आसपास दाखवत होता. त्याला अर्थ नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

*

पाकिटं उघडायची तारीख ठरली २८ मे. १९ मेला मी गोल घेऊन पुण्याला सरांच्या घरी गेले, शेवटचा ताळा म्हणून जुळ्याशी ताडून पाहायला. सर पलंगावर पडून होते. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, आणि हृदयाचं पंपिंग वीस टक्क्यांवर आलेलं. डॉक्टरांनी सरांच्या पत्नीला, ललिताकाकूंना, बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा निघाला तर नशीब समजा. मला काकूंनी सांगितलं. काकू रडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "एवढं उत्तर कळून जाऊ दे गं त्यांना."

सरांच्या अभ्यासिकेत मी दोन्ही गोलांत एकच लेसर सोडला. माझा गोल तीन टक्के कमी दाखवत होता.

मी तीनदा मोजलं. मग टॉर्च लावून आत डोकावले. खालच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा, फिकट लाल डाग.

एवढासा डाग, पण प्रकाश आत पन्नासदा आपटतो, आणि दर फेरीला तो डाग आपला घास घेतो. खंडेनवमीनंतर माप अचानक खाली आलं होतं, ते मला दिसलं होतं. पण मी लॉगबुकात 'लेसर जुना झाला, जोर कमी' असं लिहून मोकळी झाले होते. म्हणजे प्रकाश वाटला त्याहून जास्त होता, आरसे वाटले त्याहून जास्त हलले होते, तारे वाटले त्याहून जवळ होते. सात महिन्यांची सगळी मापं चुकली होती, जगभरातल्या दीडशे लोकांची.

टेबलावर स्पिरिटची बाटली होती आणि कापूस होता. एक बोळा आतून फिरवला असता तर डाग गेला असता, आणि ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. खरं सांगते, कापूस मी हातात घेतला होता. शेजारच्या खोलीतून सरांचा खोकला ऐकू येत होता. चूक सांगितली की सगळी गणितं पुन्हा, म्हणजे किमान चार महिने. सरांकडं चार महिने नव्हते. न सांगितली तर नऊ दिवसांनी त्यांना आकडा मिळणार होता, फक्त तो खोटा असणार होता.

शिवाय आणखी एक फास होता. दुरुस्ती केली की आकडा वर सरकणार होता, त्र्याहत्तरच्या दिशेनं. शेवटच्या आठवड्यात शिष्या उठते आणि आकडा गुरूच्या बाजूला ढकलते, यावर लोक काय म्हणतील ते सांगायला ज्योतिषी नको.

मी कापूस खाली ठेवला, गोलाला झाकण लावलं, काकूंना "आलेच" म्हटलं आणि गाडी काढली. उस्मानसरांकडं.

*

उस्मानसर गच्चीवर मिरच्यांना ऊन दाखवत होते. मूळचे मिरजेचे, वर्षाची चटणी घरी करणारे. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते मिरच्या परतत ऐकत राहिले.

"आकडा वर जाणार का खाली?"

"वर, सर. दीड-दोन टक्के."

"म्हंजे वामनच्या बाजूला." ते हसले. "आणि तू आधी माझ्याकडं आलीस. का गं?"

"तुम्ही पटलं म्हणालात तर कुणी बोट दाखवणार नाही."

"हुशार हाईस. वामनला सांगितलंस?"

"नाही. सरांना…" आणि मग मला पंपिंगचं, पावसाळ्याचं, काकूंचं सगळं सांगावं लागलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. अकरा वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

ते कठड्यावर बसले. हाताला मिरची लागलेली विसरून त्यांनी डोळे पुसले, मग व्हायचं तेच झालं. मी पाण्याचा तांब्या आणून दिला. चेहरा धुऊन ते म्हणाले, "चल. गाडी आणलीयस न्हवं?"

दार काकूंनी उघडलं. अकरा वर्षांनी आलेल्या माणसाकडं त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "या भावोजी. चपला आत घ्या, कुत्रं पळवतं."

सरांनी उशीवरून मान वळवली. "तू? हरलो म्हणून सांगायला आलास काय?"

"तुझ्या शिष्येनं घोळ घातलाय. सांगायला तिला सोबत पाहिजे होती," उस्मानसर म्हणाले आणि पलंगाच्या पायथ्याशी बसले.

मी सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "डाग पुसलास?"

"नाही, सर."

"शाबास." त्यांनी डोळे मिटले. "पुसला असतास तर तो किती प्रकाश खातो हे कधीच मोजता आलं नसतं. आता ते मोज आणि सात महिने दुरुस्त कर."

"सर, चार महिने लागतील." "पाकिटं आत्ता उघडू. दुरुस्ती मागाहून जाहीर करू. समितीला मी विनंती करते, तुमच्यासाठी ते…"

"माझ्यासाठी?" ते जेवढे उठता येईल तेवढे उठले. "माझ्यासाठी मापात घाई करणार? मग मी तुला शिकवलं काय? चार महिने कसं जगायचं ते माझं मी बघतो. तू तुझा गोल बघ."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला गेल्या.

*

समितीची बैठक पडद्यावर झाली. दीडशे चेहऱ्यांसमोर मी कुंकवाची गोष्ट सांगितली. काहींना कुंकू म्हणजे काय तेही समजावून द्यावं लागलं. कुणीतरी गोड आवाजात विचारलंच, दुरुस्तीची दिशा जरा सोयीची नाही का? तेव्हा उस्मानसर म्हणाले, "गैरसोय होणार असेल तर माझी होईल. तिनं ती पहिल्यांदा मलाच सांगितली. डाग मी स्वतः पाहिलाय. पुढचा प्रश्न?" पुढचा प्रश्न आला नाही.

ते चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत कष्टाचे आणि, आता वाटतं, सर्वांत भाग्याचे. मी माळधामणीला दिवसदिवस डाग मोजत होते. आणि पुण्यात रोज दुपारी चार वाजता उस्मानसर साडेसात किलोमीटर रिक्षानं येत होते. काकू मला फोनवर बातमी देत. "आज दोघं वाळवीवरून भांडले." "आज ह्यांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली, भावोजींच्या चटणीबरोबर. डॉक्टरांना सांगू नकोस." "आज नुसतेच बसले होते गं, काही न बोलता, एक तास." पावसाळा निघाला. डॉक्टर चक्रावले, कारण औषधं तीच होती.

काम संपलं आणि समितीनं मला तारीख विचारली. मी कॅलेंडर पाहिलं आणि खंडेनवमी सांगितली.

सकाळी अकराला सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. भिंतीवरच्या पडद्यावर बाकीचं जग होतं. संगणकानं दुरुस्त केलेला, पण अजून झाकलेलाच आकडा दाखवला: ६८.४. दोन्ही गुप्त संख्यांनी भागलं की खरं उत्तर.

सरांनी आपलं पाकीट फोडलं. मी मदत करू गेले तर मला झटकलं. आत चिठ्ठी होती: ०.९२.

"एवढी?" उस्मानसर दचकले. "ही का निवडलीस?"

सर जरा ओशाळले. "उत्तर त्र्याहत्तर येणार याची मला खात्री होती. याच्यानं गुणलं की सदुसष्ट होतात. म्हटलं, उस्मानला वर्षभर तरी पडद्यावर त्याचा आकडा दिसू दे. शेवटी वाईट वाटायचंच आहे."

उस्मानसरांनी आपलं पाकीट उघडून चिठ्ठी सरांच्या हातात दिली: १.०८७.

सरांनी ती चष्म्याजवळ नेली. मग त्यांचं पोट हलू लागलं, मग खांदे. ते हसत होते. "सदुसष्टचे त्र्याहत्तर! माझ्यासाठी!"

"तू आजारी हाईस हे ठाऊक नव्हतं, पण म्हातारा झालास एवढं ठाऊक होतं," उस्मानसर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि या वेळी मिरची नव्हती.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. ०.९२ गुणिले १.०८७. उत्तर एक. जवळजवळ नेमकं एक. दोघांनी एकमेकांसाठी घातलेल्या पडद्यांनी एकमेकांना पुसून टाकलं होतं. वर्षभर काहीच झाकलेलं नव्हतं. आम्ही दीडशे जण खऱ्याच आकड्याकडं पाहत होतो, आणि त्याला अर्थ नाही असं स्वतःला बजावत होतो.

अडुसष्ट पूर्णांक चार. चुकीची शक्यता दोन्हीकडं एक-सव्वा. सदुसष्टला ते चिकटून होतं. त्र्याहत्तर संपलं होतं.

मला सरांकडं पाहायचा धीर होईना. त्यांची चाळीस वर्षं, त्यांची शिडी. माझ्या दुरुस्तीनं आकडा त्यांच्या दिशेनं सरकूनही त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

"म्हणजे खरंच वाळवी आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज स्वच्छ होता. "शलाका, कुठल्या पायरीला ते शोधा. मला वाटतं तिसऱ्या. उस्मान, तुझं बाळ गुणी निघालं रे."

"वामन…"

"थांब. आज खंडेनवमी आहे. ललितानं फुलं आणलीयत ना? शलाका, आधी तू."

माळधामणीहून सोबत आणलेल्या गोलासमोर मी झेंडूचं फूल ठेवलं. झाकण लावलेलं आहे हे दोनदा पाहिलं. "या गोलाला कुंकू पचत नाही," मी म्हणाले, आणि पडद्यावरचे दीडशे जण हसले.

सरांनी हात पुढं केला. मला वाटलं, जुळ्या गोलासाठी फूल मागतायत, म्हणून एक दिलं. त्यांनी ते फूल स्वतःच्या छातीवर, सदऱ्याच्या खिशापाशी ठेवलं.

"हे यंत्र पंच्याऐंशीला आलंय," ते म्हणाले. "याला हरता येत नव्हतं. अकरा वर्षं साडेसात किलोमीटर याला मोजता आले, चालता आले नाहीत. आता दोन्ही जमतं. या पोरीच्या चिमूटभर कुंकवामुळं जमलं. त्या कुंकवाचे मी उपकार मानतो."

उस्मानसर उठले, परडीतलं एक फूल घेतलं आणि सरांच्या फुलाशेजारी ठेवलं. "या यंत्राचंच का?" ते म्हणाले. "माझं तरी कुठं चालत होतं."

काकूंनी दोघांना दटावलं, छातीवर ओझं नको म्हणाल्या, पण फुलं काढली नाहीत.

सरांनी त्या वर्षीची दिवाळी पाहिली, संक्रांतही पाहिली. वाळवी तिसऱ्याच पायरीला निघाली, ते त्यांना कळायच्या आधी ते गेले. मी ते उस्मानसरांना जाऊन सांगितलं, मिरच्यांच्या गच्चीवर. ते म्हणाले, "त्याला ठाऊक होतं. बस, चहा घे."